मागं कोण हाय ते सांगा

अण्णा गाडीत बसायच्या आधी चपला काढायचे. गाडी कुणाचीही असो, नवी कोरी असो नाहीतर पत्रा सडलेली. चपला दाराखाली जोडीनं ठेवायच्या, डाव्या सीटवर बसायचं, दोन्ही तळहात मांड्यांवर पालथे टाकायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "चला बाई."

चपला तिथंच मातीत राहायच्या. शिकणाऱ्यानं चक्कर मारून परत यायचं आणि गाडी अशी उभी करायची की अण्णांनी दार उघडून पाय खाली टाकला की तो चपलेतच पडावा. वीतभर इकडंतिकडं झालं तरी ते खाली उतरत नसत. डोळे मिटूनच म्हणायचे, "माझी चप्पल कुटं हाय?" की परत एक चक्कर.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, बंद पडलेल्या एका टॉवेलच्या कारखान्याच्या मागं त्यांचं आवार होतं. आवार म्हणजे तीन बाजूंनी भिंत, एक पत्र्याचं छप्पर आणि एक जुनी पांढरी गाडी. पाटी नव्हती, फोन नंबर रंगवलेला नव्हता. तरी लोक यायचे. कुणी गाडी शिकायला, कुणी आपल्या गाडीला काय झालंय ते विचारायला. अण्णा दुरुस्ती करत नसत. पान्याला हात लावत नसत. स्टिअरिंगला तर मी त्यांना कधीच हात लावताना पाहिलं नाही. नुसतं बाजूला बसायचे आणि सांगायचे.

"स्टिअरिंग थरथरतंय का सीट?" हा त्यांचा पहिला प्रश्न. हातात थरथर आली तर पुढच्या चाकांचं दुखणं, बुडाखाली आली तर मागच्या. स्टिअरिंग जड झालं म्हणून कुणी घाबराघुबरा आला की म्हणायचे, "आधी हवा बघा. रिकाम्या पोटी कोण पळंल?" वळताना कट्कट् वाजलं की दाराबाहेर कान काढायचे आणि कुठल्या बाजूचा जॉइंट गेलाय ते सांगायचे. टायरवरनं तळहात एकदा बाहेरून आत फिरवायचे, एकदा आतून बाहेर. एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट्या बाजूनं करवतीसारखं लागलं की चाकं सरळ रेषेत नाहीत. हे सगळं मला पटायचं, कारण यात जादू काही नव्हती.

मी बी.एस्सी., बी.एड. आहे. हे मी मुद्दाम सांगते आणि सांगायला लाजत नाही. माझ्या बाबांनी तीस वर्षं दुसऱ्याच्या यंत्रमागावर उभं राहून चादरी विणल्या, त्यात त्यांचे दोन्ही कान जवळजवळ गेले, आणि त्यातून मी शिकले. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शाळेत विज्ञान शिकवते. पोरांना सांगते, कारण सापडत नसेल तर नीट शोधलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून अण्णांच्या काही गोष्टी मला खटकायच्या. एकदा एकजण मोठी चकचकीत गाडी घेऊन आला. म्हणाला, नवीच आहे, पण टायर एकाच बाजूनं खातेय. अण्णा पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. आतल्या कडेवर तळहात फिरवला, मग तो हात तसाच टायरवर ठेवला. आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "जनावर होतं का मानूस?"

तो मागं फिरला. गाडीत बसला आणि गेला. त्यानं दार लावलेलं मला आठवतं, अगदी हळू, घरात कुणी झोपलं असल्यासारखं.

"कशावरून विचारलंत?" मी म्हणाले. "धडक बसली की रॉड वाकतो, चाक तिरकं होतं, टायर आतून झिजतो. एवढं मलापण कळतं. पण खड्ड्यानंपण वाकतो की."

"खड्डा असता तर 'खड्डा' म्हणाला असता की तो," अण्णा म्हणाले.

मी त्यांच्याकडं गेले ती बाबांमुळं. बाबांचं डायलिसिस सुरू झालं होतं, सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी सातची पाळी. ते राहतात भवानी पेठेत, आमच्या जुन्या दोन खोल्यांत. मी जुळे सोलापूरला फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यांना माझ्याकडं आणणं शक्य नव्हतं. रिक्षानं दोन महिने नेलं. एकदा येताना रिक्षा गतिरोधकावरनं उडाली आणि बाबा सीटवरनं घसरून माझ्या पायात पडले. वजन असं उरलंच नव्हतं त्यांना. त्या दिवशी मी ठरवलं, गाडी घ्यायची. जुनी का असेना, बाबांना मागच्या सीटवर आडवं करून नेता आलं पाहिजे.

अडचण होती ती आमच्या गल्लीची. गल्ली आमच्या दारात संपते. रुंदी एवढीच की गाडीचे आरसे मिटले तर दोन्हीकडं हातभर जागा. बाहेर येताना डावीकडं उघडी गटार, उजवीकडं घरांचे कट्टे. आत गाडी वळत नाही. तोंडानं गेलं तर उलटं यायचं, नाहीतर उलटं जायचं.

अण्णांना मी पहिल्याच दिवशी हे कागदावर काढून दाखवलं. त्यांनी कागद बघितलाच नाही. म्हणाले, "रिकामी गाडी उलटी न्यायची. आजारी मानूस बसला की तोंडानं यायचं. आजारी मानसाला घिऊन कवाच मागं जायचं न्हाय."

आणि मला पंधरा दिवस फक्त रिव्हर्स शिकवला. पुढं जायचंच नाही. त्यांच्या त्या पांढऱ्या गाडीत आतला आरसा नव्हता, उपटूनच काढलेला. "मान वळवा. आरसा कशाला? मान दिलीय की देवानं." डावा हात बाजूच्या सीटच्या पाठीवर, कंबरेतून वळायचं, मागच्या काचेतून बघायचं. मागचं ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला स्टिअरिंग. आणि एक गोष्ट ते रोज घोकून घ्यायचे, की सगळ्यांचं लक्ष मागं असतं, तेव्हा गाडीचं तोंड उलट्या बाजूला फिरत असतं, लागतं ते तिथं. "निधान, निधान," म्हणजे हळू हळू, हा एकच कानडी शब्द मी त्यांच्याकडून शिकले.

पण रिव्हर्स टाकायच्या आधी एक विधी होता. गाडीतून उतरायचं. गाडीला पूर्ण फेरी मारायची, हात गाडीला लावून. परत येऊन बसायचं. मग अण्णा, डोळे मिटलेलेच, विचारायचे, "मागं कोण हाय ते सांगा."

"कुणी नाही."

"बरं. चला."

दिवसातून वीस वेळा रिव्हर्स तर वीस वेळा फेरी. एप्रिल महिना, सोलापूरचं ऊन, पत्र्याला हात लावला की चटका. एका दुपारी मी वैतागले होते. फेरी मारून आले, बसले. अण्णांनी विचारलं, "मागं कोण हाय ते सांगा."

"आहे की एकजण," मी म्हणाले. "निवांत उभा आहे."

अण्णांनी डोळे उघडले. समोर बघत म्हणाले, "शर्ट कसला हाय?"

मी हसले.

"बाई, शर्ट कसला हाय?"

आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. मी स्टिअरिंगवरचे हात काढले. "अण्णा, गंमत केली. कुणी नाही मागं."

ते उतरले. चपला घातल्या नाहीत. त्या तापलेल्या मातीत अनवाणी गाडीच्या मागं गेले आणि डिकीवर हात ठेवून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. किती वेळ ते मी मोजलं नाही, पण माझ्या हाताचा घाम वाळून परत आला. मग खिडकीशी येऊन म्हणाले, "आज राहू द्या. उद्या या." कपाळावरची विभूती घामानं पुसून गेली होती.

दुसरा नियम मला वॉचमनमुळं कळला. बंद कारखान्याला एक म्हातारा वॉचमन होता. बिचारा चांगुलपणानं माझ्या गाडीच्या मागं येऊन उभा राहिला आणि हात हलवत ओरडायला लागला, "येऊ द्या, येऊ द्या! येऊ द्या अजून!" आपल्याकडं कुणी गाडी मागं घेताना दिसलं की रस्त्यानं चाललेला माणूससुद्धा हातातली पिशवी खाली ठेवून हे काम करतो. अण्णा बाहेर झेपावले. कानडीत त्या म्हाताऱ्याला असं काही बोलले की तो आठवडाभर आवारात फिरकला नाही.

आत बसल्यावर मला म्हणाले, "मागनं कुनीबी 'येऊ दे' म्हटलं की ब्रेक दाबायचा. देव म्हनला तरी ब्रेक."

"मदतच करत होते ना ते?"

"मदत करनाऱ्याला सोता कुटं उबा हाय ते दिसत न्हाय, बाई."

मे महिन्यात मी गाडी घेतली. आमच्या घराण्यातली पहिली. बाबांना मोबाइलवर फोटो दाखवला तर त्यांनी बोटानं चाकं मोठी करून बघितली आणि विचारलं, "चारीच्या चारी आपलीच?"

गाडी सरळ रस्त्यावर डावीकडं ओढायची. अण्णांनी मला मोकळ्या रस्त्यावर नेलं. "हात सोडा." मी सोडले, गाडी गटारीकडं निघाली. आमच्या गल्लीत गटार डावीकडंच, तेव्हा हा आजार चालणारा नव्हता. हवा बघितली, सारखी होती. मग अण्णांनी पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी बदलायला लावली. ओढ उजवीकडं गेली असती तर टायरचा दोष. गेली नाही. मग त्यांनी मला दोन मैल चालवायला लावलं, ब्रेक शक्यतो न दाबता. परत आल्यावर तांब्यातलं पाणी दोन्ही पुढच्या चाकांच्या मधोमध शिंपडलं. उजवीकडचं पाणी ओघळलं. डावीकडचं चुर्र झालं.

"हिचा डावा ब्रेक सुटतच न्हाय," अण्णा म्हणाले. "पाय काढला तरी धरून ठेवतोय. सोडायचं ठावं न्हाय त्याला." आणि चाकाकडं बघत राहिले. ब्रेक मी दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून घेतला. गाडी सरळ चालायला लागली, लायसन्सची परीक्षाही पास झाले. पण पावसाळा, मग शाळेच्या परीक्षा, असं करत बाबांच्या गल्लीत गाडी घालायचा मला धीर होईना. दिवाळी झाली. बाबा रिक्षातून उतरताना आता दोघांनी धरावं लागे. आमच्या डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं, एक पाळी चुकली तरी जिवावर बेतेल. मी अण्णांना म्हणाले, "सोमवारी जाते. तुम्ही या बरोबर."

थंडीचे दिवस. सकाळी साडेसहाला उजाडलं होतं. गाडी रात्रभर उघड्यावर होती, टपावर आणि डिकीवर दव साचलेलं. बाबांना फोनवर चारचारदा ओरडून सांगितलं होतं, खुर्चीत बसून राहा, मी दारात येते. गल्लीच्या तोंडाशी गाडी उलटी लावली. उतरले, फेरी मारली, हात लावून. गल्ली रिकामी. नळावरसुद्धा कुणी नाही.

"मागं कोण हाय ते सांगा," अण्णा.

"कुणी नाही."

"चला. निधान."

मान वळवून, मागच्या काचेच्या ओल्या पट्ट्यातून बघत मी मागं निघाले. कट्टे सरकत होते, गटार जिथल्या तिथं होती. गाडी एका रेषेत जात होती आणि मला मनातून फार बरं वाटत होतं, हे खोटं कशाला सांगू. आमचं दार दिसायला लागलं. आठ-दहा हात उरले असतील.

डिकीवर दोन थापा पडल्या. "बास!"

मी ब्रेक दाबला. मागच्या काचेत गल्ली रिकामी होती. अण्णा डोळे मिटून, हात मांडीवर, तसेच.

मी उतरून मागं गेले. मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर बाबा जमिनीवर पडले होते, एका कुशीवर. मुठीत लिंबू होतं, आणखी एक गटारीच्या कडेला गेलेलं.

त्यांना लिंबू ठेवायचं होतं. घरातली पहिली गाडी दारात येताना चाकाखाली लिंबू फुटलं पाहिजे. मी ऐकणार नाही म्हणून मला सांगितलं नाही. चाक कुठून जाईल त्याचा अंदाज घेऊन गल्लीत वाकले, आणि वाकल्यावर अंधारी आली. गाडी किती जवळ आलीय ते त्यांच्या कानांना कळणं शक्यच नव्हतं, आणि ओल्या काचेतून मला ते दिसले नव्हते.

"बाबा, तुम्ही हाक मारली?"

"कसली हाक? छातीत दम न्हवता गं पोरी."

अण्णा अनवाणीच उतरून आले. आम्ही दोघांनी बाबांना उचलून मागच्या सीटवर घेतलं. दार लावताना मी डिकीकडं बघितलं. दव जसंच्या तसं होतं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. त्यावर माझ्या फेरीतली, काठाकाठानं गेलेली बोटांची एक रेघ. बाकी कुठंही, काहीही नाही.

"का थांबलात, बाई?" अण्णांनी विचारलं.

"आरशात काहीतरी हललं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमी आरशात कुटं बघत होता? हात माझ्या सीटवर होता, मान मागं होती की तुमची."

मी गाडीत जाऊन बसले. बाबांना वेळेवर पोचवायचं होतं. आणि सात वर्गांना विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं काय सांगायचं?

गुरुवारपर्यंत मला नीट जेवण गेलं नाही. खोटं बोलणं मला जमत नाही, बोलले की पोटात राहतं. गुरुवारी बाबांना घरी सोडलं आणि तशीच एमआयडीसीत गेले. अण्णा उभ्या गाडीत डाव्या सीटवर बसले होते, एकटेच, चपला दाराखाली.

"अण्णा, सोमवारी मी खोटं बोलले."

"ते म्हाईत हाय."

"कुणीतरी मला थांबवलं. डिकीवर थापा मारल्या, दोन. आणि..."

"'येऊ दे' म्हनला," अण्णा म्हणाले.

"नाही. 'बास' म्हणाला."

अण्णांनी डोळे उघडले. दाराखालच्या चपलांकडं बघितलं. मग बोलले ते अगदी सरळ, गाडीचा दोष सांगायचे त्याच आवाजात.

त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्या ट्रकवर असायचा. सुताच्या गाठी याच कारखान्यात उतरायच्या, याच भिंतीला ट्रक लावायचा. भाऊ मागं उभा राहून 'येऊ दे' म्हणायचा आणि वेळेवर 'बास' म्हणायचा. "मी कवाच मागं बघितलं न्हाय. कशाला बघू? तो होता की." त्या दिवशी तो 'येऊ दे, येऊ दे' म्हणत राहिला आणि अण्णा येत राहिले. "गाडी भिंतीला टेकली, बाई. तरी मला 'येऊ दे'च ऐकू येत होतं. उतरलो, बघितलं, तरी येत होतं. तीस वर्सं झाली. रिवर्स पडला की मागनं त्याचं चालू होतंय. 'बास' म्हनतच न्हाय."

वाऱ्यानं छपराचा पत्रा वाजला. मी म्हणाले, "भास असेल अण्णा. ताण होता मला."

"असंल की. भास तर भास." मग त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "पर 'बास' म्हनला तुमाला? नक्की?"

"नक्की."

"मी शेजारीच बसलो हुतो की."

पंगतीत वाढणारा आपल्याला चुकवून पुढं गेला की माणूस त्याच्या पाठीकडं बघतो, तसं ते त्या भिंतीकडं बघत होते. मला वाटलं होतं, ऐकून त्यांना हायसं वाटेल.

पुढच्या सोमवारी मी पेठेत पोचले तर अण्णा आधीच गल्लीच्या तोंडाशी उभे. मी बोलावलं नव्हतं. चपला काढून आत बसले. त्या गुरुवारीही आले. मग प्रत्येक सोमवारी आणि गुरुवारी, स्वतःच्या शेवटच्या आजारपणापर्यंत, एमआयडीसीतून सायकल मारत यायचे. त्यांच्या बाजूची काच मी पूर्ण खाली करायचे. मी फेरी मारून बसायचे आणि ते विचारायच्या आधीच सांगायचे, कुणी नाही. ते डोळे मिटायचे, मान जराशी मागं कलती करायचे, कान खिडकीकडं लावून. मी रिव्हर्स टाकून ब्रेकवर पाय ठेवून थांबायचे.

"अगं, आण की गाडी!" बाबा आतून ओरडायचे. "कुणाची वाट बघताय?"